साडूंचा अठ्ठावन्नचा काटा

आमच्या साडूंनी जन्मात कुणाच्या शब्दावर, कुणाच्या घड्याळावर आणि कुणाच्या तराजूवर विश्वास ठेवलेला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून लागले आणि त्याच खात्यातून निवृत्त झाले, असं कागदोपत्री म्हणायचं. प्रत्यक्षात निवृत्त झाला तो फक्त त्यांचा पगार. बाकीचे लोक खिशात कंगवा ठेवतात, तसे हे शिक्का मारलेलं दोनशे ग्रॅमचं पितळी वजन ठेवतात. दहिवलीच्या बाजारात ते कोपऱ्यावर दिसले की पहिली भाजीवाली दुसरीला हाक देते, "काटेवाले आले गं!" आणि ओळीनं सगळ्या जणी पारड्याखाली चिकटलेली माती खरवडायला लागतात. एकदा एकीनं हात जोडून सांगितलं, "साहेब, तुमचंच वजन घ्या, तुमीच तोला, वर दोन लिंबं पण घ्या, पण बोहनीच्या टायमाला नका येत जाऊ." साडूंनी लिंबं नाकारली आणि वेळ टिपून ठेवली. गॅसचं सिलिंडर दारात आलं की ते ताणकाट्याला टांगून बघतात, आणि तोवर सिलिंडरवाला जिन्यात बसून राहतो. दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांच्या वजनकाट्यावर आधी आपलं पितळी वजन ठेवून पाहिलं, मग स्वतः चढले, आणि भरल्या वेटिंगरूममध्ये जाहीर केलं, "डॉक्टर, तुमचा काटा दीड किलो कमी दाखवतो." महिनाभर चालायला जाऊन दीड किलो उतरवलेल्या दोन बाया तिथेच बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यानंतर साडूंना रक्तदाबासाठी बदलापूरच्या एका तज्ज्ञाचं नाव सुचवलं.

आम्ही शेलूला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला हे टेप घेऊनच आले. गुरुजी संकल्प सांगत होते, मी हातात पळी धरून बसलो होतो, आणि आतल्या खोलीतून आवाज येत होता, "हं... नऊ फूट चार... धर गं नीट." धरणारी ताई, म्हणजे त्यांची बायको. संकल्पात माझं गोत्र आलं त्याच क्षणी ते दारात येऊन म्हणाले, "साडूभाऊ, अकरा चौरस फूट कमी आहे." जमलेल्या पाहुण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू अकरा फूट मीच खाल्लेत. तेव्हापासून त्या घरात मी कुठेही उभा राहिलो तरी मला थोडं अडचणीत उभं असल्यासारखं वाटतं. ताईबद्दल मात्र सांगायला हवं. साडूंचा चहा दीड चमचा साखरेचा, अशी घरात राजाज्ञा आहे. ती गेली तीस वर्षं दोन चमचे घालते, आणि तीस वर्षं ते पहिला घोट घेऊन म्हणतात, "बघ, बरोब्बर दीड असली की कशी गोडी येते."

अशा माणसाकडे गाडी असावी हे गाडीचं नशीब. ही गाडी जुनी, छोटी, पांढरी. आणि साडू ती चालवत नाहीत, राबवतात. साठची पाटी असेल तर अठ्ठावन्न. साठ का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "काट्याला दोनाची सूट द्यावी लागते," ते म्हणाले, आणि वळणावर हात बाहेर काढून मागच्या ट्रकला वळण समजावून सांगायला लागले. जुन्या हायवेवर त्यांच्या मागे सात-आठ वाहनांची वरात नेहमी असायची. कुणी हॉर्न दिला तर ते आरशात बघून म्हणायचे, "घाई बघा त्याची. पोहोचणार आहे चौक गावालाच." आणि डावा हात स्टिअरिंगवर ठेवून उजव्या हाताची तर्जनी वर करून आम्हाला वेग, माणसाची हाव आणि देशाची दशा यांचा परस्परसंबंध सांगायचे. ताई शेजारच्या सीटवर पहिल्या पाच मिनिटांतच झोपून जायची. मला मागच्या सीटवर ती सवलत नव्हती, कारण ते मधूनमधून "बरोबर ना?" विचारायचे.

मागच्या वर्षी त्यांचं पेट्रोलपंपाशी वाजलं. गाडीचं अॅव्हरेज एकाएकी घसरलं, म्हणजे पंपवाले माप मारतात, हा निष्कर्ष त्यांनी पहिल्याच टाकीला काढला. मग सव्वा वर्ष तो पंप त्यांनी छळला. दर वेळी आधी पाच लिटरचं प्रमाणित माप मागवायचं, त्यात पेट्रोल भरून घ्यायचं, डोळा त्या रेषेच्या पातळीवर यावा म्हणून उकिडवं बसायचं. माप बरोबर भरायचं. मग ते म्हणायचे, पंपाचं मापच खोटं आहे. स्वतःचं नेलं, तेही बरोबर भरलं. मग ते म्हणाले, उन्हानं पेट्रोल फुगतं, आणि पहाटे जाऊ लागले. पंपावर नळी धरणारी एक बाई होती, बौद्धवाड्यातली, दोन मुलींना शिकवणारी, कुणाला उलट न बोलणारी. तिच्यावर त्यांचा खास डोळा. तिनं एकदाच विचारलं, "साहेब, एवढी पेट्रोलची चोरी मी करते तर मी अजून सायकलवर कशी येते?" साडूंनी हे उत्तर उर्मट ठरवून मालकाकडे लेखी तक्रार दिली.

तर या साडूंना एका सकाळी मोबाइलवर मेसेज आला, की लोधिवलीच्या पुढे, साठची मर्यादा असलेल्या रस्त्यावर, तुमचं वाहन ताशी सत्तर किलोमीटर वेगानं जाताना आढळलं आहे.

आधी त्यांनी तो मेसेज फसवणुकीचा ठरवला. मग मला फोन केला. मी शेलूहून दहिवलीला पोहोचलो तेव्हा ते पाटावर बसले होते आणि पुढ्यात फोन असा ठेवला होता की जणू तो तोलायचाय. मी त्यावरची लिंक उघडली. खाली फोटो होता. गाडी त्यांची, नंबर त्यांचा, आणि काचेतून साडू इतके स्पष्ट दिसत होते की पासपोर्टला चालले असते. तोंड उघडं, तर्जनी वर. शेजारी ताई मान टाकून झोपलेली. ताईनं चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "बरं झालं. मी ऐकत नसते हे आता सरकारलाबी कळलं."

"अठ्ठावन्न होता!" साडू म्हणाले. "माझा डोळा काट्यावर होता. अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न."

बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली आणि घराघरांतून मदतीचा ओघ सुरू झाला. एका भाच्यानं लिहिलं, नंबरप्लेटला थोडं ग्रीस लावायचं, कॅमेऱ्याला काही दिसत नाही. नेरळच्या आत्यांच्या जावयांनी कळवलं की गप्प बसून राहायचं, लोक अदालत लागते, तिथे अर्ध्यावर मिटतं. एकाच्या ओळखीचा माणूस पनवेलला होता. दुसऱ्याच्या ओळखीचा त्या माणसाच्या वर होता. एका मावसभावानं तर साडूंचं अभिनंदन केलं, की अखेर गाडी चालवायला शिकलात. या सगळ्या सज्जन, देवभोळ्या, शिकल्यासवरल्या कुटुंबात तुम्ही कदाचित खरंच जोरात गेला असाल, अशी शंका एकानंही काढली नाही. मीही काढली नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं, आणि त्यांच्या अठ्ठावन्नवर माझा इतका विश्वास होता की मलाही कॅमेऱ्याचाच राग आला होता.

साडूंनी सगळे सल्ले धुडकावले. "ग्रीस लावायला मी चोर आहे का?" ते म्हणाले. "यंत्र आहे म्हणजे त्याची पडताळणी असणार. पडताळणी असणार म्हणजे दाखला असणार. दाखला बघायचा." आणि आम्ही दोघं खालापूरकडच्या वाहतूक पोलिसांच्या चौकीवर गेलो. तिथे एक पोट सुटलेले, शांत हवालदार शेंगा सोलत बसले होते. साडूंनी टंकलिखित अर्ज पुढे ठेवला. त्यात सतरा मुद्दे होते. यंत्राची शेवटची पडताळणी कधी झाली, कुणी केली, तेव्हा तापमान काय होतं, यंत्र कोणत्या कोनात बसवलंय, वारा कुठून होता. हवालदारांनी सतराही मुद्दे वाचले, हे त्यांच्याविषयी आदरानं नोंदवलं पाहिजे.

"साहेब, फोटोत गाडी तुमचीच ना?"

"गाडी माझी आहे. वेग माझा नाही."

हवालदारांनी एक शेंग सोलली. "तक्रार ऑनलाइन करायची असते आता."

"ऑनलाइन म्हणजे कुणासमोर?"

या प्रश्नावर हवालदार खरोखर विचारात पडले. मग म्हणाले, "तसं कुनाच्या समोर नाय." आणि आवाज खाली आणून, "मी स्वतः सापडलोय या कॅमेऱ्यात. ड्यूटीवरनं घरी जाताना."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार, भरला. जोरात व्हतो मी." त्यांनी शेंगांची पुडी आमच्याकडे सरकवली. "घ्या."

साडूंनी शेंगा घेतल्या नाहीत. पण परत येताना त्यांची तर्जनी वर झाली नाही, आणि मला वाटतं त्या हवालदाराचं "जोरात व्हतो मी" हे वाक्य त्यांच्या डोक्यात कुठेतरी अडकलं. कारण कर्जत जवळ आल्यावर ते म्हणाले, "कॅमेरा खोटा आहे हे मी सिद्ध करतो. रविवारी सकाळी या. घड्याळ आणू नका, माझं आहे."

सिद्ध करायची रीत सोपी होती. साठच्या वेगानं गाडी चालली तर एका किलोमीटरला एक मिनिट लागतं. कर्जत-चौक रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत. काटा साठवर धरायचा, पहिला दगड गेला की घड्याळ सुरू, सहावा दगड आला की बंद. पाच किलोमीटर, पाच मिनिटं. रविवारी उजाडताच आम्ही निघालो. साडू गाडीवर, मी घड्याळावर. रस्ता रिकामा होता. काटा साठवर असा चिकटला होता की चित्रातला वाटावा. सहावा दगड आला आणि मी घड्याळ बंद केलं.

"किती?"

"चार मिनिटं दहा सेकंद."

"उशिरा सुरू केलंत."

पुन्हा केलं. चार मिनिटं दहा. उलट दिशेनं केलं. चार मिनिटं अकरा. मी फोनवर उपग्रहाचा वेग दाखवणारं अॅप उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यावर बहात्तर दिसत होतं. त्यांनी ते पाहिलं आणि विचारलं, "त्या उपग्रहावर शिक्का कुणाचा आहे?" मग गाडी कडेला घेऊन ते खाली उतरले, एका दगडाजवळ गेले, त्याला पायानं हलवून पाहिलं, आणि म्हणाले, "दगड चुकीचे लावलेत. ठेकेदारांनी दगडांत पण खाल्लं."

पुढच्या रविवारी आम्ही रस्ता टेपनं मोजला.

हे सांगताना आजही माझे कान गरम होतात. तीस मीटरची शिक्क्याची पोलादी टेप, शून्याचं टोक धरून मी वाकलेला, दुसऱ्या टोकाला साडू, आणि दर तीस मीटरला ते खडूनं रस्त्यावर फुली मारून ओरडणार, "चला!" चौथ्या फुलीला एक सायकलवाला थांबला. सातव्या फुलीला चार माणसं होती. दहाव्या फुलीला रस्त्याकडेच्या वस्तीतून एक म्हातारी काठी टेकत आली आणि मला म्हणाली, "काय मोजतावं रं बाबा? आमचं आंगन जातं काय?"

"नाही हो आजी. आमची गाडी किती जोरात जाते ते बघतोय."

म्हातारीनं उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सरकारी माणसं खोटं बोलतात हे तिला नवीन नव्हतं. ती मागे वळून ओरडली, "अगं, चौपदरी करताव रस्ता!" आणि वस्तीत धावपळ सुरू झाली. एक जण येऊन साडूंना बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, पलीकडनं घ्या ना. तिकडं बंगलेवाल्यांची जागा हाय, त्यांना काय फरक पडतो?" बंगलेवाल्यांचा राखणदार आला आणि तो म्हणाला, अलीकडून घ्या. एकानं भाव विचारला. आम्ही विसाव्या फुलीला पोहोचेपर्यंत एका शहाण्यानं आपल्या मोकळ्या वावरात चार बांबू रोवून वर निळा कागद ताणला होता, कारण पडीक जमिनीपेक्षा बांधकामाला मोबदला जास्त मिळतो. साडू त्या गर्दीत उभे राहून सगळ्यांना सांगत होते की हे वैयक्तिक मोजमाप आहे. जितकं ते सांगत, तितकी लोकांची खात्री पटत होती. शेवटी कुणीतरी खुर्ची आणली, चहा आला, आणि शेवटच्या तेरा फुल्या आम्ही चाळीस लोकांच्या मिरवणुकीत पूर्ण केल्या.

दगड ते दगड, नऊशे अठ्ठ्याण्णव मीटर.

साडू त्या दगडापाशी उभे राहिले. टेप गुंडाळायची होती, ती त्यांनी तशीच लोंबत ठेवली. दगड खरे होते. घड्याळ खरं होतं. कॅमेरा खरा होता. मग ते गाडीत जाऊन बसले आणि बंद गाडीच्या त्या मीटरकडे पाहत राहिले. मी शेजारी बसलो. बाहेर लोक काचेला नाक लावून बघत होते. ते म्हणाले, "साडूभाऊ, हा मीटर मी बदलला होता."

सव्वा वर्षापूर्वी मीटरचा काटा मेला होता. खोपोली रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये त्यांनी गाडी नेली होती. आम्ही तसेच तिथे गेलो. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "दुसऱ्या गाडीचा बसवलाय साहेब. तुमच्या मॉडेलचा मागवाया पंधरा दिवस लागले असते."

"म्हणजे तो वेग कमी दाखवणार?"

"थोडा दाखवनारच. चाकं वेगळी, हिशोब वेगळा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं नाय साहेब." मिस्त्री अगदी निरागसपणे म्हणाला. "तुमी बोलला, लावून टाक, मेहुण्याचा प्लॉट मोजाया जायचाय, उशीर होतोय."

वेग कमी दाखवणारा मीटर अंतरही कमीच मोजतो. म्हणजे अॅव्हरेज पेट्रोलमुळे घसरलंच नव्हतं. हे मला घरी आल्यावर सुचलं. साडूंना तिथेच, गॅरेजच्या ऑइल सांडलेल्या जमिनीवर उभ्या उभ्या सुचलं असणार, कारण त्यांनी मला काही न सांगता गाडी थेट पंपावर घेतली. ती बाई नळी घेऊन पुढे आली आणि सवयीनं पाच लिटरचं माप आणायला वळली. "नको," साडू म्हणाले. खाली उतरले. "तुमचं माप बरोबर होतं. सव्वा वर्ष बरोबर होतं. तक्रार मी मागे घेतो." बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, यांची तब्येत बरी आहे ना, अशा नजरेनं. "टाकी फुल करू?" तिनं विचारलं. साडूंनी मान हलवली. पेट्रोल भरताना आयुष्यात पहिल्यांदा ते आकड्यांकडे न बघता डोंगराकडे बघत उभे राहिले.

दंड त्यांनी दुसऱ्याच दिवशी पूर्ण भरला. अर्ध्यावर मिटायची वाट पाहा, म्हणून सांगणाऱ्या नातेवाइकांचा ग्रुप त्यांनी सोडला. नवीन मीटर मागवला. मला वाटलं प्रकरण संपलं, आणि मी मनातल्या मनात सगळीकडे रंगवून सांगायला गोष्ट तयार करू लागलो. म्हातारी, निळा कागद, खडूच्या फुल्या. झकास जमत होती. पण ताईचा फोन आला. "ते जेवत नायत नीट. चार दिवस झाले. तुमी या."

मी गेलो. ते गच्चीत बसले होते, समोर माथेरानचा डोंगर. मी काही विचारायच्या आधीच बोलायला लागले. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी चौकच्या पुढच्या एका गावात किराणा दुकानदाराचा तराजू पकडला होता. किलोमागे चाळीस ग्रॅम कमी. दुकानदाराचं नाव काशिनाथ. तो सगळ्या गावासमोर म्हणाला होता, "साहेब, शपथेवर सांगतो, मला ठाऊक नाय. तराजू सासऱ्यांच्या वेळचा हाय."

"मग?"

"मी त्याला म्हणालो, स्वतःच्या तराजूची खबर नाही असा दुकानदार मी पाहिलेला नाही. तू चोर आहेस. असं म्हणालो. कायद्यानं खटला करायचा होता, तो केला. खटला बरोबरच होता. पण ते चोर म्हणणं कायद्यात नव्हतं, साडूभाऊ. ते माझं होतं."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आम्ही गेलो. दुकान तसंच होतं, आता आत इलेक्ट्रॉनिक काटा होता. काशिनाथशेठ सत्तरीचे असतील. पांढरी टोपी, हातात सुतळी. तीन-चार गिऱ्हाइकं होती. साडू पायरीखाली उभे राहिले.

"ओळखलंत?"

"ओळखलं," काशिनाथशेठ म्हणाले आणि पुडी बांधत राहिले.

साडूंनी घरून भाषण पाठ करून आणलं होतं. मला त्यांनी ते गाडीत म्हणून दाखवलं होतं. त्यात 'अनवधानाने' आणि 'तत्कालीन परिस्थितीत' असे शब्द होते. पहिलं वाक्य त्यांनी सुरू केलं, आणि ते मध्येच मोडलं. नोकरीत चाळीस वर्षं अंगावर चढवलेली ऑफिसची भाषा त्या पायरीशी गळून पडली आणि आत जो शेतकऱ्याचा मुलगा होता तो बोलायला लागला. "माझाच काटा खोटा व्हता वो. गाडीचा. सव्वा वरीस खोटा व्हता आन् मला म्हाईत नव्हतं. देवाची आण, मला म्हाईत नव्हतं. तवा तुमी पण हेच बोलला व्हता. मी ऐकलं नाय."

काशिनाथशेठनी पुडीची गाठ मारली, सुतळी दातानं तोडली. "तवाच ऐकलं असतं तर बरं झालं असतं, साहेब," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. एखाद्या जुन्या दुखण्याबद्दल माणूस बोलतो तसा आवाज होता.

इतक्यात ज्याची पुडी होती त्या गिऱ्हाइकाला एकदम उलगडा झाला. तो आनंदानं रस्त्यापलीकडच्या न्हाव्याला ओरडून म्हणाला, "अरं ऐकलंस का? आपला चाळीस ग्रॅम खरा व्हता रं!"

बारा-तेरा वर्षं गाव काशिनाथशेठना 'चाळीस ग्रॅम' याच नावानं हाक मारत होतं. नातवाला शाळेत 'वीस ग्रॅम' म्हणत. लग्नपत्रिका द्यायला येणारेही दारातून "चाळीस ग्रॅम हायत का?" विचारत. हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त दिसलं ते काशिनाथशेठचं ते सवयीचं, मुकाट हसणं, आणि माझ्या साडूंचा चेहरा. "त्यांना नाव हाय!" साडू इतक्या जोरात ओरडले की न्हाव्याचा वस्तरा थांबला. "काशिनाथशेठ म्हनायचं! काशिनाथशेठ!"

तेव्हापासून दर गुरुवारी, बाजाराच्या वेळेला, आमचे साडू त्या गावात जाऊ लागले. गाडी मुद्दाम लांब, मारुतीच्या देवळापाशी लावायची, आणि सगळ्या आळीतून चालत येताना वीस पावलांवरूनच खणखणीत हाक द्यायची, "नमस्कार, काशिनाथशेठ!" मग साखर नाहीतर पोहे घ्यायचे आणि जाताना पुन्हा, "येतो, काशिनाथशेठ!" ताईच्या घरात पोह्यांचे डोंगर साठले. गावातली पोरं त्यांची नक्कल करू लागली. मी म्हटलं, साडूभाऊ, असं ओरडून एखाद्याचं नाव परत येतं का? ते म्हणाले, "माहीत नाही. पण मी एकानं तरी बरोबर घ्यायला नको का?"

मग दिवाळीनंतर ते तापानं पडले. बुधवारी संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि अंथरुणातून सांगितलं, "उद्या तुम्ही जा. देवळापासून चालत या. मोठ्यानं."

मी आयुष्यात कुणाला भर रस्त्यात हाक मारलेली नाही. मी देवळापासून चालत आलो आणि पहिली हाक इतकी हळू मारली की पायाशी चरणाऱ्या कोंबडीनंही मान वर केली नाही. तसाच परत फिरणार होतो. मग डोळे मिटले आणि ओरडलो, "नमस्कार, काशिनाथशेठ!" एक टेंपोवाला दचकून बघायला लागला. काशिनाथशेठ दुकानाच्या दारात आले. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, दूर देवळापर्यंत.

"साहेब नाय आलं?"

"ताप आहे त्यांना."

त्यांनी समोरच्या बाईची तूरडाळ मोजून दिली, तिची पिशवी तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "त्यांना सांगा, आता हाका नका मारू. घसा जाईल. नुस्ते येऊन बसले तरी चालंल."

मी दहिवलीला येऊन निरोप सांगितला. साडू छताकडे बघत होते. "नुसतं येऊन बसलो तरी चालेल म्हणाला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, परत सांगा, तो बोलला तसंच. मी परत सांगितलं. ताई चहा घेऊन दारात उभी होती, तिनंही ऐकलं, आणि ती कप ठेवून आत गेली.

पुढच्या गुरुवारी मीच त्यांना गाडीतून घेऊन गेलो. तापानं ते खूप उतरले होते. गाडी दुकानापाशीच लावली. हाक नाही, नमस्कार नाही. ते जाऊन दुकानाच्या पायरीवर बसले, आणि थोड्या वेळानं काशिनाथशेठ येऊन शेजारी बसले. दोघंही समोरच्या रस्त्याकडे बघत होते. गिऱ्हाईक आलं की काशिनाथशेठ गुडघ्यावर हात देऊन उठायचे, आत जायचे. ते परत येईपर्यंत साडू पायरीवरच्या त्या मोकळ्या जागेवर हात ठेवून बसायचे, दुसरं कुणी बसू नये म्हणून.